अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी जपावी?

म्हैस व्याल्यानंतर दुग्धज्वराने बसली, की जाणता पशुपालक डॉक्टर येण्याची वाट पाहत नुसता उभा राहत नाही. तो तिच्याखाली भुसकटाचा जाड थर पसरतो आणि चार माणसे लावून दर काही तासांनी तिची कूस बदलतो. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या जनावराच्या मांडीचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली दबून निकामी होतात, खुब्यावरचे कातडे जाते आणि मूळ आजार बरा झाला तरी जनावर उठत नाही, हे त्याने पाहिलेले असते. घरातील माणूस मात्र लकव्याने, खुब्याचे हाड मोडल्याने किंवा विहिरीत, झाडावरून, ट्रॉलीवरून पडून मणक्याला मार लागल्याने अंथरुणाला खिळले, की सलाईन, गोळ्या आणि मालिश यांची धावपळ होते. कूस बदलण्याचे तेवढे राहून जाते. मग काही दिवसांनी अंग पुसताना माकडहाडावर लाल-काळा डाग दिसतो. त्याला पावडर लावली जाते. डाग फुटतो, खोल जातो, घाण वास येऊ लागतो आणि मग लोक म्हणतात, "पाठ सडली." वैद्यकीय भाषेत यालाच शय्याव्रण म्हणतात.

शय्याव्रण हा म्हातारपणाचा किंवा लकव्याचा भाग नव्हे. तो बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी लागते ते महागडे औषध नव्हे, तर वेळेवर लागणारे हात. हे हात घरात कसे तयार करावेत, हाच या लेखाचा विषय आहे.

जखम आतून बाहेर येते

आपल्या त्वचेला आणि तिच्याखालच्या मांसाला बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस दाबले गेले, की या वाहिन्या चेपतात. पाण्याच्या रबरी नळीवर पाय ठेवल्यासारखेच ते आहे. निरोगी माणसाला तेथे कळ येते आणि तो झोपेतसुद्धा आपोआप हलतो. लकवा झालेल्याला हलता येत नाही. मणक्याला इजा झालेल्याला तर कळही येत नाही. काही तास रक्त न मिळाल्यास मांस मरू लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. दाब सर्वांत जास्त असतो तो हाडाजवळ, म्हणजे आत. त्यामुळे पुष्कळदा नाश आधी आत होतो आणि कातडीवर त्याची खूण मागाहून उमटते. गुलाबी बोंडअळीने पोखरलेले बोंड बाहेरून हिरवेगार दिसते आणि फोडल्यावर आत सगळे खाल्लेले निघते, तसाच हा प्रकार. म्हणून रुपयाएवढा डाग दिसला तर रुपयाएवढीच इजा आहे, असे समजू नये.

दाबाला दोन जोडीदार असतात. एक म्हणजे ओढ. रुग्णाला उशांना टेकवून उंच बसवले, की तो हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. या ओढीत रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन चेपतात. दुसरा जोडीदार म्हणजे ओल. घाम, लघवी, शौच यांनी भिजलेली कातडी पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी मऊ पडते आणि थोड्या घासण्यानेही सोलते. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपलेल्या रुग्णाची पाठ दिवसभर घामाने ओली असते, हे ध्यानात असू द्यावे.

साडेएकेचाळीस वर्षांची शुश्रूषा

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. इतकी वर्षे पडून असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नाही, ही बाब त्या वेळी पुढे आली आणि मार्च २०११ च्या निकालपत्रात न्यायालयाने परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला.

याच्या मागे कोणते गुपित होते? परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, तरी दर पाळीत कोणीतरी त्यांना कुशीवर वळवत होते, स्वच्छ करत होते, भरवत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ पासून, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी हाच नियम घालून दिला: रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यापूर्वी असे रुग्ण बहुधा शय्याव्रण आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत असत.

रुग्णालयात पाळ्या असतात. आपल्या घरात मात्र सारे काम एका सुनेच्या किंवा म्हाताऱ्या पत्नीच्या अंगावर पडते. तिलाच स्वयंपाक, धार, पाणी आणि शेतातले कामही असते. शय्याव्रण होतात ते बहुतेक याच ठिकाणी. म्हणून सेवा करणाऱ्या एकटीला शिकवून भागत नाही. घरातील पुरुष, शाळकरी मुले, शेजारची जाऊ अशा तिघाचौघांना तरी हे काम हाताने करता आले पाहिजे.

पुरुषमंडळींविषयी थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. रात्री दोन वाजता थ्री-फेज लाइट येते म्हणून गडी उठतो, मोटार चालू करतो आणि चिखलात उभा राहून गव्हाला पाणी देतो. त्याच घरात वडिलांची कूस बदलायला उठणे हे बायकांचे काम समजले जाते. वजन उचलण्याचे काम तर उलट त्यालाच सोपे आहे.

कापूस वेचणीच्या दिवसाचे वेळापत्रक

खरी अडचण येते ती ऑक्टोबरपासून पुढे. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी एकामागून एक येतात आणि सकाळी नऊ-दहाला घर रिकामे होते ते संध्याकाळी पाचपर्यंत. रुग्ण सात-आठ तास एकाच अंगावर पडून राहतो. 'रोज सकाळ-संध्याकाळ कूस बदलतो' असे सांगणाऱ्या घरातही व्रण होतो, त्याचे कारण हेच.

यावर एक साधी युक्ती आहे. सकाळी सहाला रुग्णाचे अंग पुसून, पाठ पाहून त्याला डाव्या कुशीकडे तिरपे निजवावे. आठला पाठीवर घेऊन, डोके उंच करून न्याहरी द्यावी. अर्ध्या तासाने डोके पुन्हा खाली करावे. दहाला शेतात निघताना दोघांनी मिळून त्याला उजवीकडे तिरपे करावे आणि पाठीमागे गोधडीची घट्ट गुंडाळी सरकवावी. आता बाराला घरी असलेल्या म्हाताऱ्या आईने किंवा शेजारणीने फक्त ती गुंडाळी हळूच ओढून घ्यायची. रुग्ण आपोआप पाठीवर येतो. यासाठी ताकद लागत नाही. दोनला शेतातून एकाने घरी यावे, पाणी पाजावे, लघवीचे कपडे बदलावेत आणि डावीकडे तिरपे करून पुन्हा गुंडाळी लावावी. चारला ती कोणीतरी काढावी. सहाला सर्वजण घरी असतात.

शेजारी दोन घरांनी खुरपणीसाठी सावड करायची पद्धत आपल्याकडे आहेच. दुपारच्या या एका फेरीसाठीही तशी सावड करता येते.

रात्री चांगली जाड फोमची गादी असेल आणि सकाळी त्वचेवर डाग दिसत नसेल, तर दहा, दोन आणि सहा अशा वेळा पुरतात. डाग दिसू लागल्यास, रुग्ण फार कृश असल्यास किंवा अंथरूण पातळ असल्यास रात्रीही दोन तासांनीच वळवावे. भिंतीवर कागद लावून वेळ, कूस आणि वळवणाऱ्याचे नाव लिहावे. दुधाच्या रतिबाची वही आपण ठेवतो, तशीच ही. कागद नसला की "मला वाटले तू वळवलेस" असे होते.

तिरपे कसे करावे?

पूर्ण कुशीवर, म्हणजे खुब्याच्या हाडावर सरळ निजवू नये. मग माकडहाड वाचते आणि खुब्याला जखम होते. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत गुंडाळी देऊन अंग साधारण तीस अंशांत कलते ठेवावे. बरोबर झाले की नाही, हे हाताने पाहावे. तळहात माकडहाडाखालून सहज सरकला पाहिजे आणि खालच्या खुब्याचे टोकही अंथरुणात रुतलेले नसावे. दोन्ही गुडघ्यांमध्ये व घोट्यांमध्ये मऊ उशी किंवा घडी घातलेले लुगडे ठेवावे.

रुग्णाला काखेत हात घालून फरफटत वर ओढण्याची सवय सर्वत्र दिसते. ती मोडली पाहिजे. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी कायम खाली अंथरून ठेवावी. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धराव्यात, गुडघे वाकवावेत, एकदम उचलावे आणि मग सरकवावे. कातडी घासत नाही आणि उचलणाऱ्यांची कंबरही धरत नाही.

टाचांकडे कोणी पाहत नाही. तेथे हाडावर मांस जवळजवळ नसतेच. पोटऱ्यांखाली लांबट उशी अशी ठेवावी, की टाच अधांतरी राहील. टाच आणि गादी यांमधून कागद सरकला पाहिजे.

रुग्णाला खुर्चीत बसवत असाल तर फार चांगले, पण बसल्यावर सगळे वजन दोन हाडांवर येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पुढे झुकवावे किंवा आळीपाळीने एकेका बाजूला कलवावे.

शिकवताना

विस्तार कार्यात आपण नेहमी सांगतो, की शेतकरी ऐकून विसरतो, पाहून लक्षात ठेवतो आणि करून शिकतो. येथेही तेच. आशा ताईंनी, परिचारिकेने किंवा घरातील शिकलेल्या मुलीने इतरांना शिकवताना भाषणापासून सुरुवात करू नये. शिकणाऱ्याला रुग्णाशेजारी लाकडी बाकावर किंवा सतरंजीवर अर्धा तास पाठीवर निजवावे आणि अजिबात हलू नको, असे सांगावे. पंधरा-वीस मिनिटांतच माकडहाड आणि टाचा दुखू लागतात. दोन तास म्हणजे काय, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. त्यानंतर त्याच्याकडूनच लुगड्याची घडी, गुंडाळी आणि टाचेखालची उशी लावून घ्यावी, आणि पुन्हा दोन दिवसांनी तो एकटा कसे करतो ते पाहावे.

त्वचा पाहणेही असेच हाताने शिकवावे. रोज एकदा, अंग पुसताना उजेडात, डोक्याचा मागचा भाग, कान, खांद्याची पाती, कोपर, माकडहाड, दोन्ही खुबे, घोटे व टाचा पाहाव्यात. लाल डाग दिसल्यास त्यावर बोटाने क्षणभर दाबून सोडावे. डाग फिका पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त वाहते आहे. दाबूनही फिका पडत नसेल, तर इजा सुरू झाली. पुस्तकात लिहिलेला हा लाल डाग आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर मात्र सहज दिसत नाही. म्हणून हाताची मागची बाजू फिरवून पाहावी. आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा थंड, कडक किंवा भुसभुशीत लागणे, जांभळट काळी दिसणे, रुग्णाने तेथे कळ येते असे सांगणे या खुणा डागाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

असा डाग दिसताच त्या जागेवर रुग्णाला मुळीच निजवू नये. पाठीवर असेल तर फक्त दोन कुशी वापराव्यात. कातडी फुटलेली नसेल आणि इजा वरवरची असेल, तर एवढ्यानेच बहुधा काही दिवसांत डाग जातो. डागावर चोळून मालिश करू नये. आत दुखावलेले मांस त्याने अधिकच फाटते.

अंथरूण, रिंग आणि हवेची गादी

सुतळीची बाज सैल झाली, की मध्ये खड्डा पडतो आणि कमरेचा भाग त्यात रुततो, दोऱ्याही टोचतात. बाज घट्ट आवळून किंवा सपाट कॉटवर चार ते सहा इंच जाडीची चांगल्या घनतेची फोमची गादी घालावी. गादी जपण्यासाठी रेक्झिन घालतात, पण त्यावर सुती कापड हवेच, नाहीतर घाम वाढतो. चादरीला सुरकुत्या नसाव्यात. भाकरीचे कण, गुंड्या, करगोट्याची गाठ, कमरेचा ताईत, लघवीच्या पिशवीची नळी, यांतील काहीही अंगाखाली राहिले तर तेथेच व्रण उठतो.

हवेची गोल रिंग, टायरची ट्यूब किंवा कापडाची चुंबळ कमरेखाली देण्याची पद्धत फार रुजलेली आहे. ती बंद करावी. डोक्यावर घागर घेताना चुंबळ उपयोगाची; येथे तिचा काठ सभोवती दाबतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोडतो.

विजेवर आलटून-पालटून फुगणारी गादी उपयुक्त आहे, पण ती घेतली म्हणजे वळवण्याची सुटी मिळाली असे नाही. लाइट गेली की तिची मोटार थांबते आणि थोड्या वेळाने रुग्ण खालच्या फळीवर टेकतो. कमरेच्या खाली, गादीच्या तळाशी हात सरकवून पाहावे. रुग्णाचे हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. तिच्यावर जाड गोधड्या घातल्यास तिचा उपयोग राहत नाही. एक पातळ चादर पुरे.

थंडीत बाजेखाली शेगडी ठेवण्याचा किंवा गरम पाण्याची पिशवी लावण्याचा मोह होतो. ज्याला स्पर्श कळत नाही, त्याला भाजलेलेही कळत नाही. अशा रुग्णाला शेक देऊ नये.

ओल आणि अन्न

दर वेळी वळवताना लंगोट किंवा डायपर पाहावे. ओले असल्यास कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. त्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. पावडरचे थर घामात भिजून त्यांचे गोळे होतात आणि तेच टोचतात. लघवी कमी व्हावी म्हणून रुग्णाला पाणीच कमी पाजण्याची चूक पुष्कळ घरांत होते. त्याने लघवी घट्ट होऊन कातडीला अधिक झोंबते आणि शरीरही सुकते.

पडून असलेल्या माणसाला "पचेल असे" म्हणून पेज, साबुदाणा आणि चहा-बिस्किटांवर ठेवले जाते. यात प्रथिने नगण्य असतात. असा रुग्ण महिन्याभरात झिजतो, हाडे वर येतात आणि व्रणाची वाट मोकळी होते. व्रणाचा धोका असलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला सुमारे साडेबासष्ट ते पंच्याहत्तर ग्रॅम. हे आपल्या घरातच आहे. वरणात किंवा दुधात कुस्करलेल्या तीन भाकरी, दोन वाट्या घट्ट तुरीचे वरण, दोन पेले दूध, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट एवढ्यांत साठ ग्रॅमच्या पुढे मजल जाते. अंडी खात नसतील तर भाजून दळलेल्या सोयाबीनचे पीठ, एका किलोत शंभर ग्रॅम या प्रमाणात, पोळीच्या पिठात मिसळावे. गिळताना ठसका लागत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी.

कातडी फुटल्यास

अर्धा लिटर पाण्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ घालून दहा मिनिटे उकळावे आणि थंड झाल्यावर त्या पाण्याने जखम हलकेच धुवावी, स्वच्छ पट्टीने झाकावी आणि त्याच दिवशी आशा ताईंना किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला दाखवावी. हळद, राख, तंबाखू, रॉकेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही जखमेत घालू नये. उघड्या जखमेवर माश्या बसल्यास अळ्या पडतात, म्हणून पट्टी आणि मच्छरदाणी दोन्ही हवीत. टाचेवर कोरडी, काळी, घट्ट खपली असेल तर ती घरी उपटू नये.

ताप येणे, घाण वास किंवा पू येणे, भोवतालचा लालसरपणा पसरणे, आत हाड दिसणे किंवा रुग्णाने अचानक बरळू लागणे, यांपैकी काही झाल्यास उपकेंद्रावर वेळ न घालवता रुग्णाला परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शल्यचिकित्सकाकडे न्यावे. जंतू रक्तात गेल्यास जीव जाऊ शकतो. नेताना भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागदही सोबत घ्यावा. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळते. जीप किंवा टेम्पोच्या नुसत्या पत्र्यावर निजवू नये, घरची फोमची गादी खाली घालावी. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंत जायचे असेल, तर वाटेत वाहन थांबवून एकदा तरी कूस बदलावी.